वारावरचं जेवण

अंबिकाबाई वैजापूरकरांचं माणसांबद्दलचं मत वाईट होतं आणि ते बदलावं असं माणसांनी सहसा काही केलं नाही. नोकरीची सगळी वर्षं त्या पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या. रांगेत मध्येच घुसणारे, सुट्ट्या पैशांसाठी भांडणारे, आईला मनिऑर्डर करताना आयत्या वेळी आकडा खाली आणणारे, असे सगळे नमुने त्यांनी त्या चौकटीतून पाहिले होते. निवृत्तीनंतर खिडकी गेली, नजर तीच राहिली. नवरा वारला होता. मुलगा विश्वजित पुण्याहून फोन करून "काळजी घे" म्हणायचा आणि त्याच्या बाजूने काळजीचं काम तिथे संपायचं.

एकाच माणसाबद्दल त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. ते म्हणजे त्यांचे वडील, अण्णा. निजामाच्या काळात अण्णा कन्नडहून एकटे शिकायला शहरात आले आणि वार लावून जेवले. तेव्हा ब्राह्मणांच्या गरीब पोरांची तशी रीतच होती. सात घरं धरायची, सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा आठवडा काढायचा. अण्णा असे मॅट्रिक झाले, पुढे कचेरीत कारकून झाले. "सात घरांनी माझ्या बापाला माणूस केलं," हे वाक्य अंबिकाबाईंनी कॉलनीत इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेजारणी ते त्यांच्यामागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या.

ही गोष्ट घडली तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जायकवाडी तळाला गेली होती आणि गारखेड्यातल्या त्यांच्या सुबोध कॉलनीत पाचव्या दिवशी नळ यायचे, आले तर. तिकडे बीड बायपासला मात्र रोज नवा टॉवर उगवत होता आणि प्रत्येकाच्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव होता.

अशा दिवसांत कोण्या संस्थेने वाट चुकलेल्या पोरांसाठी 'मेंटर' हवेत म्हणून ज्येष्ठ नागरिकांना बोलावलं. प्रशिक्षण एका हॉटेलातल्या गारेगार खोलीत होतं. केयूर नावाचा गोरागोमटा तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. "मुलाच्या डोळ्यांत बघा. नजर हटवू नका. त्याला सतत वाटलं पाहिजे की कुणीतरी माझ्याकडे बघतंय."

"पोलीसही तेच करतात की," अंबिकाबाई म्हणाल्या.

लोक हसले. केयूरही हसला आणि पुढच्या चित्राकडे गेला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या टेबलावर तशाच सोडल्या. एका बाईंना मात्र पाणी वाया जाणं बघवलं नाही, म्हणून त्यांनी आपली बाटली कोपऱ्यातल्या कुंडीत ओतली. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं.

अंबिकाबाईंच्या वाट्याला सत्यम सांडू गायके आला. सोळा वर्षांचा, बांबूसारखा उंच, मान कायम खाली. गाव गंगापूर तालुक्यातलं. बाप सांडू चारा छावणीत जनावरं धरून बसलेला. आई लक्ष्मीबाई पोराला घेऊन मुकुंदवाडीला पत्र्याच्या खोलीत राहायची आणि बायपासच्या एका टॉवरवर कामाला जायची. दिवसभर ओल्या सिमेंटवर पाइपने पाणी मारायचं आणि संध्याकाळी घरी पिण्यासाठी हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं. पोरगं दहावीत होतं, पण शाळेपेक्षा टँकरवर जास्त. एका सकाळी त्याने उभा टँकर पळवला आणि एका बंगल्याच्या भिंतीत घातला. बाल न्याय मंडळाने त्याला आईच्या ताब्यात दिलं, पण अट घातली. एका जबाबदार माणसाने त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि त्याने यंदा दहावीची परीक्षा द्यायची. नाही दिली, तर परत निरीक्षणगृहात.

"टँकर का पळवलास?" पहिल्याच भेटीत अंबिकाबाईंनी विचारलं.

"पळवला नाय, मॅडम. उभा व्हता. चावी बी आतच व्हती."

"म्हणून न्यायचा?"

"वस्तीत लई दिस टँकर आला नव्हता. म्हनलं, रिकामा करू अन् परत लावू."

"मग परत का नाही लावलास?"

"मागं घेता यीना. पुढं न्यायला शिकलो व्हतो. मागं घ्यायचं डायवर उस्ताद शिकवनारच व्हता."

अंबिकाबाईंनी हसू दाबायला चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मॅडम म्हणू नकोस. मॅडम त्या हॉटेलात होत्या. बाई म्हण."

"बरं, बाई."

चार प्रश्नांत त्यांना खरी गोष्ट कळली. आई पहाटे जायची, घरात संध्याकाळपर्यंत चूल पेटत नव्हती आणि दुपारी पोटात कावळे ओरडले की पोरगं टँकरच्या ड्रायव्हरांकडे जायचं. ते वडापाव खाऊ घालायचे आणि बदल्यात काहीही सांगायचे. हे ऐकल्याबरोबर अंबिकाबाईंना अण्णा आठवले. सात घरांनी बापाला माणूस केलं, तर याला का करणार नाहीत? पोट चांगल्या घरात भरलं की पाय टँकरकडे वळणार नाहीत. परीक्षेपर्यंत रेटायचं, बस्स.

कॉलनीची सभा भरली. अध्यक्ष नानासाहेब, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि अजून टेबलाच्या त्या बाजूलाच बसल्यासारखे बोलणारे. ते म्हणाले, "संकल्पना उदात्त आहे." म्हणजे ती आपल्याला सुचली नाही याचं त्यांना वाईट वाटलं. बायकांनी वार वाटून घेतले. एकीने सोमवार घेतला, कारण सोमवारी तिचा उपास. दुसरीने त्याच हिशेबाने गुरुवार घेतला. "आमच्याकडे त्या दिवशी भगर असते. चालेल ना त्याला?"

"पोरगं दुष्काळातून आलंय, वैकुंठातून नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "त्याला भाकरी लागते."

नानासाहेबांनी मंगळवार घेतला. पलीकडच्या गल्लीतल्या अश्लेषाने बुधवार घेतला आणि लगेच फोन काढून सत्यमच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो फोटो फेसबुकवर होता. त्यात अश्लेषा छान आली होती. सत्यमचा अर्धाच चेहरा आला होता. उरलेला शनिवार अंबिकाबाईंनी घेतला.

सुरुवातीला सगळं छान चाललं, म्हणजे लोकांना छान वाटलं. पोरगं सायकलवर यायचं, हातपाय धुवायचं, सांगतील तिथे बसायचं. एका घरात त्याचं ताट वेगळं होतं. त्याच्या कडेला लाल ऑइलपेंटचा ठिपका होता आणि ते अंगणातल्या नळापाशी पालथं असायचं. दुसरीकडे कागदी पत्रावळ. "हायजीन हो, बाकी काही नाही." आणि जेवताना सगळं घर त्याच्याभोवती बसायचं. केयूरची शिकवण कॉलनीभर पसरली होती. कुणीही नजर हटवत नव्हतं. आजोबा, सून, ट्यूशनला निघालेली पोरं, सगळे त्याच्या हाताकडे बघत. किती पोळ्या घेतल्या तेही कळायचं. वर प्रश्न. "टँकर नेताना भीती नाही रे वाटली?" "तुमच्यात असली आमटी करतात का?" "बाप पितो का?" आणि प्रत्येक प्रश्नानंतर, "लाजू नकोस, आपलंच घर समज."

शनिवारी तो अंबिकाबाईंकडे जेवायचा. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्याने ताट उचललं, गर्रकन वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"हे काय?" अंबिकाबाई म्हणाल्या. "माणसाकडे बघून जेवावं."

तो परत वळला. भात मात्र तसाच राहिला. त्या दिवशी अंबिकाबाईंना वाटलं, आमटी तिखट झाली असावी.

मग पाण्याची गोष्ट सुरू झाली. एका बुधवारी नळ आले. दाब इतका कमी की पाणी वर चढेना, आणि मोटार लावली तर पालिकेची माणसं उचलून न्यायची. अश्लेषाचं घर दुसऱ्या मजल्यावर. जेवून उठलेल्या सत्यमने आपणहून चार बादल्या वर नेल्या. ही बातमी कॉलनीत पाण्यापेक्षा जोरात पसरली. पुढच्या खेपेला नळ आले तो सोमवार होता, पण सहा दारांत सहा बायका उभ्या. "सत्यम, आज आमच्याकडे जेव रे, पुरणपोळी केलीय!" "अहो, आज तुमचा वार नाही." "मग काय झालं? अन्नाला वार असतो का?" नळ नसलेल्या दिवशी मात्र अन्नाला वार तर असायचाच, शिवाय अडचणीही असायच्या. कुणी लग्नाला गेलेलं, कुणाचं सिलिंडर संपलेलं, कुणाच्या नातवाची युनिट टेस्ट. त्या दिवशी पोरगं अंबिकाबाईंकडे यायचं आणि "भूक नाय" म्हणायचं.

अंबिकाबाईंनी सभेत विषय काढला. "आपण पोरगं जेवायला ठेवलंय की भिस्ती?"

"ताई, श्रमसंस्कार," नानासाहेब म्हणाले. "फुकट खाण्याची सवय लागू नये. तुमचे वडीलसुद्धा यजमानांकडे पडेल ते काम करत असतील."

अण्णांनी वारांबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं. ते सात घरांचं वाक्यही अण्णांचं नव्हे, आईचं होतं.

मार्च आला. सत्यमचे पेपर सुरू झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी बरे गेले असं तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला. अंबिकाबाईंनी रात्रीच्या देवदिव्यात तेल जरा जास्त घातलं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण देवाबद्दलही त्यांचं मत फार वरचं नव्हतं.

बीजगणिताचा पेपर मंगळवारी अकरा वाजता होता. नानासाहेबांचा वार, म्हणून नऊला त्यांच्याकडे जेवून तो थेट केंद्रावर जाणार होता. आदल्या दिवशी नळ यायचे होते, पण कुठेतरी जलवाहिनी फुटली. ते आले मंगळवारी सकाळी, बरोबर नऊ वाजता.

अंबिकाबाई पिंपं घेऊन दारात होत्या. सत्यम सायकलवरून उतरला, त्याने त्यांच्या हातातली बादली घेतली आणि दोन्ही पिंपं भरून दिली.

"वेळ आहे ना रे?"

"हाय की, बाई."

"मग जा. नीट जेव. नीट लिही."

त्या आत गेल्या, पिंपांवर झाकणं ठेवली आणि आज पाच दिवसांचं पाणी झालं या समाधानात त्यांनी चहा केला.

दुपारी भाजी घ्यायला बाहेर पडल्या तर नानासाहेब फाटकात भेटले.

"ताई, तुमचा विद्यार्थी गेला का हो पेपराला? उशिरा निघाला इथून."

"उशिरा म्हणजे?"

"साडेअकरा झाले असतील. आमची वरची टाकी भरली, मग अश्लेषाने हाक मारली, मग तिच्या सासूने. पोरगं नाही म्हणेना."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? मी काय त्याला बांधून ठेवलं होतं?"

"पेपर अकराचा होता हे तुम्हाला ठाऊक होतं."

"त्यालाही ठाऊक होतं! जबाबदारीची जाणीव नको? आम्ही आपलं पाचच घागरी म्हणालो होतो."

"नानासाहेब, एवढी वर्षं नोकरी केलीत, एक दिवस तरी वेळेवर गेलात का?" असं म्हणून अंबिकाबाई भाजी न घेताच मुकुंदवाडीच्या रिक्षात बसल्या. रिक्षात मात्र त्यांना नानासाहेबांना आणखी काय काय सुनवायला हवं होतं ते आठवेना. आठवत राहिली ती आपलीच दोन पिंपं. सगळ्यांत पहिली तीच भरली होती. आणि पोरगं नाही म्हणालं नाही, कारण ज्या घरी जेवायचं त्या घरी नाही म्हणता येत नाही. इतकी साधी गोष्ट केयूरच्या पडद्यावर कुठेच नव्हती.

सत्यम खोलीच्या दारात बसला होता. केंद्राचं फाटक बंद झालेलं होतं, तो परत फिरला होता. आई अजून कामावर होती.

"उद्यापासून टँकरवर जातो," तो म्हणाला. "उस्ताद मागं घ्यायचं शिकवनार हाय."

"पुढचे पेपर?"

"एक गेला, मग बाकीचे देऊन काय करू? ठेवू दे मला परत तिकडं. तिथं जेवताना कोन बघत नाय. समदे आपापल्या ताटात."

अंबिकाबाई दाराच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या गुडघ्याला ते झेपत नव्हतं, तरी बसल्या.

"बाई, एक सांगू का? राग नका धरू. उपाशी बसन, पन वार नको. घास घेतला की माझाच आवाज मला ऐकू येतो. भगर असू द्या, पुरनपोळी असू द्या, समदं एकच लागतं."

वार सुटल्यावर अण्णा आयुष्यात पुन्हा कुणाकडे जेवले नाहीत. सख्ख्या भाच्याच्या लग्नात आहेर करून, अक्षता टाकून ते घरी आले आणि आमटीभात खाल्ला. लोक म्हणायचे, केवढं कडक सोवळं! घरातही अण्णा पाट भिंतीकडे वळवून घ्यायचे. आई मुलांना सांगायची, त्यांचं मौन असतं, तिकडे बघायचं नाही. अंबिकाबाईंनीही लग्नानंतर तोच बाणा चालवला होता. कुणाकडे जेवायचं नाही, वैजापूरकर कुणाच्या ताटावर बसत नाहीत. आणि पोस्टाच्या खिडकीतून सगळ्या जगाची किंमत करणाऱ्या या बाईला आपल्या बापाच्या पाठीची किंमत साठी उलटेपर्यंत कळली नव्हती. सात घरांनी माणूस केलं म्हणे. सात घरांनी माणूस भिंतीकडे वळवून ठेवला होता.

"वार बंद," त्या म्हणाल्या. "आजपासून. कुणी हाक मारली तर माझं नाव सांग. पण पेपर दे सगळे. बीजगणित जुलैत परत देता येतं. एका विषयासाठी मी बाल न्याय मंडळापुढे उभी राहीन."

"तुमी काय सांगताल तिथं?"

"खरं सांगेन. पाणी आधी माझं भरलं."

तो तोंडाकडे बघत राहिला. "असं सांगत्यात व्हय कुठं?"

"बघू. सांगून बघते."

त्यांनी तसंच सांगितलं. मंडळाने जुलैच्या फेरपरीक्षेपर्यंत मुदत दिली, वर अंबिकाबाईंना समज दिली. समज मिळण्याची ती त्यांची आयुष्यातली पहिली वेळ. कॉलनीत वार बंद झाले तेव्हा पुष्कळांना मनापासून वाईट वाटलं, विशेषतः नळाच्या दिवशी. नानासाहेबांनी अंबिकाबाईंशी बोलणं सोडलं. त्या म्हणाल्या की दुष्काळात काहीतरी चांगलं झालं.

मे-जूनभर सत्यम दुपारी त्यांच्याकडे अभ्यासाला यायचा. बीजगणित अंबिकाबाईंना येत नव्हतं. त्या बाहेरच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसायच्या, तो आतल्या खोलीत. स्वयंपाकघरात भाकरी झाकलेली असायची, चिवड्याचा डबा फळीवर असायचा. तो कधी खातो, किती खातो, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. डबा रिकामा झाला की भरायच्या. दोनदा तो आठवडा-आठवडा आलाच नाही. तेव्हा त्या टँकरच्या नाक्यावर गेल्या आणि ड्रायव्हरांसमोर त्याला असं फैलावर घेतलं की उस्ताद स्वतः म्हणाला, "जा बाबा, जा. ये तो कलेक्टर से भी बड़ी है." एकदा पोरगं चिडून पुस्तक भिरकावून निघून गेलं. पुस्तक त्यांनी जागेवरून हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आला आणि त्याने ते स्वतःच उचललं.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. बीजगणितात काठावर, पण सुटला. बाल न्याय मंडळातलं प्रकरणही मिटलं.

आता कॉलनीला एकदम आठवण आली. 'आमच्या सत्यमचं हार्दिक अभिनंदन' असा फलक लागला, त्यावर नानासाहेबांचा फोटो मोठा आणि सत्यमचा तोच जुना अर्धा चेहरा. सत्काराला शाल आणली, केयूर पडद्यासकट आला, अश्लेषाने 'माझा मेंटरशिप प्रवास' यावर भाषण तयार केलं. फक्त सत्यम आला नाही.

"शेवटी रक्त," नानासाहेब व्यासपीठावरून म्हणाले. "एवढं खाऊ घातलं, पण कृतज्ञता नाही."

अंबिकाबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. "आणली आहेच तर शाल तुम्हीच घ्या, नानासाहेब. तुमची टाकी भरलीय ना त्याने? तेवढीच ओळख पुरे." आणि त्या निघाल्या, कारण त्यांना मुकुंदवाडीला जायचं होतं. लक्ष्मीबाईंनी जेवायला बोलावलं होतं.

त्यांनी आधी नाही म्हटलं होतं. आम्ही कुणाकडे जेवत नाही, असं सवयीने म्हणून गेल्या होत्या. लक्ष्मीबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या, आणि त्या "बरं"मध्ये इतकं काही होतं की अंबिकाबाईंनी आपलाच शब्द गिळला आणि "येते" म्हणाल्या.

पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत आणि कडेला विकत आणलेली जिलेबी. लक्ष्मीबाईंनी ताट ठेवलं. "घ्या, बाई. गरिबाचं हाय, पन समदं तुमच्यासाठी केलंय."

अंबिकाबाईंनी भाकरी मोडली. आणि हात थांबला. सबंध आयुष्यात परक्या घरचा पहिला घास. लक्ष्मीबाई कौतुकाने समोर बसल्या होत्या, दारात दोन शेजारणी उभ्या होत्या, कुणाचं तरी पोर डोळे मोठे करून बघत होतं. अंबिकाबाईंनी घास तोंडात घातला आणि त्यांना स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू आला.

"आई," सत्यम म्हणाला, "तू भाकरी टाक बरं तिकडं. अन् काकू, तुमी बी निघा. इथं काय टँकर आलाय का?"

शेजारणी हसत गेल्या. लक्ष्मीबाई चुलीकडे वळल्या. सत्यमने आपलं ताट घेतलं आणि बाईंच्या शेजारी, त्या बसल्या होत्या त्याच दिशेला तोंड करून, पत्र्याकडे बघत बसला.

"जेवा, बाई. इकडं कोन बघत नाय."

पत्र्यावर जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. दोघंही त्याच्याकडे बघत जेवले. भरीत फार तिखट होतं. अंबिकाबाईंनी तसं सांगितलंही, आणि परत मागून घेतलं.